सुरगडावरून भावाला उतरवताना

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या ज्या मोजक्या बायका आहेत, त्यांत जिते गावची दिपिका म्हात्रे एक. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, तोंडाने मितभाषी. हंगामात सकाळी मूर्तीसमोर बसली की दुपारचा चहासुद्धा तिथंच बसल्या बसल्या पिणार. खाडीकाठच्या माणसांचा डोंगराशी संबंध काय, तर लांबून बघण्यापुरता. तिचे आईबाप मिठागरात राबले, बाप मिठागरातच म्हातारा झाला. दिपिकाने उभ्या जन्मात एकही गड चढला नव्हता. पण गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर पाठीला सॅक अडकवून, धाकट्या भावाला बरोबर घेऊन ती चार दिवसांसाठी डोंगरात गेली. हौसेने नव्हे. दुसरा उपाय उरला नव्हता म्हणून.

भावाचं नाव आदेश. तिच्याहून आठ वर्षांनी लहान. आई, हौसा, काविळीने गेली तेव्हा तो दुसरीत होता. बाप काळुराम पहाटेच मिठागरावर जायचा, तेव्हा पोराला अंघोळ घालणं, डबा देणं, शाळेतून तक्रार आली की खाली मान घालून ऐकणं, हे सगळं दिपिकाच्या वाट्याला आलं. तिला स्थळं येत होती तेव्हा आदेश आठवीत होता, तो कमवायला लागला तेव्हा स्थळं यायची थांबली होती. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. आदेश तिला ताई म्हणायचा नाही, बाय म्हणायचा, गावात आईला म्हणतात तसंच.

आयटीआय करून तो नागोठण्याला एका कंपनीत कंत्राटावर लागला. अंगात रग होती. सुट्टी मिळाली की रोह्याच्या मित्राबरोबर, धनेशबरोबर, गड पालथे घालायचा. एकदा दोघे अवचितगडापासून निघून, सुरगड करून, पार सुधागडापर्यंत चालत गेले होते. परत आल्यावर आठवडाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. दिपिका भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "एवढं काय हाय रे तिथं? दगडच ना?"

मग शिफ्ट सुटल्यावरची एक-दोन घोटांची सोबत सुरू झाली. लग्न झालं, मनस्वी जन्मली, तरी सोबत सुटली नाही. पुढे कंपनीतलं काम गेलं आणि ती सोबत सकाळपासून सुरू झाली. दिपिकाने काय केलं नाही? नवस बोलून झाले. गळ्यात माळ घालून झाली. कोणीतरी दिलेली पूड आमटीत मिसळून झाली. डॉक्टरकडे मात्र नेलं नाही; दवाखान्यात नेलं म्हणजे अख्ख्या गावाला कळलं, आणि जणू गावाला ते आधी ठाऊकच नव्हतं!

आदेशची बायको नमिता लेकीला घेऊन रोह्याला माहेरी निघून गेली, त्या दिवशी दिपिका अंगणात उभी राहून, शेजारपाजारच्या कानांवर जाईल अशा आवाजात तिला म्हणाली होती, "तुला नवरा सांभाळता आला नाय, म्हणून पळतेस." नमिता थांबली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मुलीचा हात धरून स्टेशनकडे चालायला लागली. त्यानंतर दोघींमध्ये शब्द नव्हता.

डोंगराची गोष्ट काढली ती आदेशनेच. एका सकाळी तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता. अजून प्यायला नव्हता, त्यामुळे हात थरथरत होते आणि डोळे माणसात होते.

"बाय, डोंगरात असलो की मला लागायची नाय," तो म्हणाला. "खरंच सांगतो. धनेशला विचार. मला चार दिवस तिकडं ने. तिथं दुकान नाय, कोण पाजणारा नाय. चार दिवस काढले की सुटंल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं दिपिकाने ते वाक्य घट्ट धरलं. धनेशकडून तंबू आणला, तांदूळ, सुकी मासळी, कांदे, चहा-साखर बांधून घेतली. धनेश म्हणाला, "दिपाताई, मी येतो बरोबर." तिने नको म्हटलं. भावाची लाज चव्हाट्यावर न्यायची नव्हती. आदल्या संध्याकाळी आदेश शेवटचं म्हणून प्यायला आणि सकाळच्या गाडीने दोघं रोह्याला उतरली.

पहिला दिवस इतका चांगला गेला, की आता आठवला तरी तिला त्याचा राग येतो. अवचितगडाची वाट दाट झाडीतून जाते. आदेश पुढे चालत होता, फांद्या बाजूला धरत होता, "बाय, इथं पाय नीट टाक" म्हणत होता. मधेच दम लागून बसायचा, घाम पुसायचा, पण हसायचा. माथ्यावर पाण्याच्या टाक्यांजवळ त्याने तंबू ठोकला. खाली कुंडलिका नदी उन्हात चमकत होती. दिपिकाने चुलीवर भात टाकला आणि मीठ काढायला त्याची सॅक उघडली, तर तळाशी, कपड्यांत गुंडाळलेली, एक क्वार्टर.

ती बाटली हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो म्हणाला, "ओत बाय. माझ्यासमोर ओत."

तिने ओतली. मातीने पिऊन टाकली. आदेश गुडघ्यांत तोंड घालून रडला, आणि दिपिकाला वाटलं, सुटला. याचं भूत सुटलं.

सकाळी त्याचे हात एवढे कापत होते की चहाचा पेला धरवेना. अर्धा चहा शर्टावर सांडला. पोटात ठरत काही नव्हतं. पाणी प्यायला तरी उलटी. "पहिला-दुसरा दिवस असंच होतं," तो स्वतःच म्हणाला, "चल." पिंगळसईच्या बाजूने दोघं गड उतरली आणि कापलेल्या भातशेतांच्या बांधांवरून पूर्वेला चालत राहिली. शेतात वालाची पेरणी चालली होती. वाटेत एका म्हाताऱ्याने हाक मारून विचारलं, "पावनं, आजारी हाय काय?" दिपिका म्हणाली, "नाय, दमलाय." अंगाला थंडी वाजत असताना आदेशच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. आवाज झाला की दचकायचा. कुत्रा भुंकला तरी दचकायचा.

दुपार कलता दोघं खांबला, गोवा हायवेवर पोचली. तिथं रिक्षा उभ्या होत्या, रोह्याला जाणारी एसटी येऊन थांबली होती. आदेश रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बाय, घरी जाऊ. मला बरं वाटत नाय गो. छातीत धडधडतंय. काहीतरी वायट होणार हाय."

दिपिकाने मान वर केली तर समोर, रस्त्यापलीकडे, बारची पाटी. तिच्या मनात पाल चुकचुकली. याला घर नको, ते हवंय. इतक्या वर्षांत याची किती सोंगं बघितली होती तिने. पोटात दुखतंय, डोकं फुटतंय, मी मरतो, आणि दहा मिनिटांनी गुत्त्यात.

"ऊठ," ती म्हणाली. "आता माघारी गेलास तर परत कधीच वर यायचा नायस. ऊठ आदेश."

तो तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी शाळेत सोडून निघताना बघायचा तसा. मग उठला. एसटी निघून गेली.

घेरासुरगड गावातून गडाची चढण लागली तेव्हा ऊन उतरणीला होतं. अर्ध्या वाटेपासून दिपिकानेच दोन्ही सॅक घेतल्या होत्या, एक पाठीवर, एक पोटावर. आदेश दगडांना, मुळांना धरून चढत होता आणि मधेच थांबून कोणाशी तरी बोलत होता. ती विचारायची, "कोणाशी बोलतोस?" तो म्हणायचा, "धनेशशी." धनेश तिथं कुठे होता?

माथा लागला. सूर्य डोंगराआड जायच्या बेतात होता. आदेश एका जोत्यावर बसला, मान मागे गेली, आणि त्याच्या घशातून असा एक आवाज निघाला की दिपिकाच्या हातातून तंबूच्या काठ्या गळून पडल्या. तो आडवा झाला होता. हातपाय ताठ होऊन आपटत होते, डोळे पांढरे, तोंडातून रक्ताळलेला फेस. तिने त्याचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, ते धरवेना. ती ओरडली. आईला, देवाला, कोणालाही. कोणी नव्हतं. थोड्या वेळाने शरीर आपणच ढिलं पडलं. तो घोरायला लागला. तिने त्याला कुशीवर वळवलं, पदराने तोंड पुसलं, आणि तेव्हा तिला कळलं की खांबच्या रस्त्यावर त्याने सोंग केलं नव्हतं.

फोनला त्या बाजूला रेंज नव्हती. अंधार पडत होता, आणि त्याला एकटं टाकून खाली जायची तिची छाती झाली नाही. तंबूच्या दोरीने तिने आपलं मनगट त्याच्या मनगटाला बांधलं. ती रात्र कशी गेली, हे दिपिकाने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

उजाडलं तेव्हा आदेश जागा होता, पण तिथं नव्हता. अंगावरून मुंग्या झटकत होता, मुंग्या नव्हत्याच. "भरती आली," म्हणत होता, "बांध फुटला, मीठ चाललं, आई एकटी हाय तिकडं." तो उठून धावायला लागला, आणि समोर कडा होता. दोरी ताणली, दिपिका फरपटत गेली, तिने दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने मागे वळून तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. "सोड गो सटवे, आई बुडतेय!" ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्या डोळ्यांत तिची ओळख नव्हती. तिने मिठी सोडली नाही. दोघं गवतात पडली आणि ती त्याच्या अंगावर आपला भार टाकून पडून राहिली. तो दमेपर्यंत.

मग त्याला एका झाडाला बांधलं. होय, बांधलं, गुराला बांधतात तसं, आणि ती बुरुजाकडे पळाली. तिथं रेंजची एक काडी मिळाली. एकशे आठला फोन लावला. पलीकडची मुलगी शांत आवाजात म्हणाली, गाडी पायथ्याच्या गावापर्यंत येईल, वर येऊ शकत नाही. धनेशला लावला. तो म्हणाला, "ताई, निघालोच. तुम्ही हलू नका." पण न हलून कसं चालेल? धनेश रोह्याहून येणार कधी, चढणार कधी? आणि ती परतली तेव्हा आदेशला दुसऱ्यांदा फिट येऊन गेली होती. दोरीने त्याचं मनगट सोलवटलं होतं.

त्याच वेळी विळा आणि दोरखंड घेऊन एक म्हातारी गवत कापायला वर आली. ठमाबाई तिचं नाव. पायथ्याशी, वाटेच्या कडेला तिचं घर. झाडाला बांधलेला माणूस आणि तोंड सुजलेली बाई बघून ती आधी दोन पावलं मागं सरली. दिपिकाने काय झालं ते सांगितलं. सांगितलं म्हणजे हुंदक्यांतून फेकलं.

ठमाबाईने आदेशच्या कपाळाला हात लावला. "पिणारा हाय ना?"

"व्हय. मी सोडवायला आणला."

"माझा धाकला दीर असाच गेला. घरच्यांनी कोंडून ठेवला होता, पिऊ नये म्हणून." म्हातारीने विळा खाली ठेवला. "मला काय दवापाणी कळत नाय, बाई. पण तवा आमच्यात एकजण म्हणला होता, थोडी पाजली असती तर जगला असता. खरं-खोटं देव जाणे. घरात जावयाची बाटली हाय. आणू काय?"

परवा संध्याकाळी आपल्या हाताने ओतलेली, मातीत जिरलेली ती क्वार्टर तिला दिसली. ज्या गोष्टीपायी आपण आपल्या घराचं वाटोळं होताना पाहिलं, तीच आणा म्हणून सांगायचं? नाही म्हटलं आणि हा गेला तर? हो म्हटलं आणि हा गेला तर?

"आणा," ती म्हणाली. "लवकर आणा, मावशी."

म्हातारी पळत गेली. तेवढ्या वेळात दिपिका भावाशी बोलत राहिली. काय बोलली तिला आठवत नाही. शाळेचं काहीतरी, मिठाच्या राशीवरून घसरायचा त्याचं काहीतरी. ठमाबाई धापा टाकत आली. बरोबर दोरी, गोधडी आणि गावातला एक उघडा गडी होता. आदेश तेव्हा शुद्धीवर होता, गिळत होता. दिपिकाने बाटलीचं बूच उघडलं. त्याची मान हाताच्या कवेत घेऊन तिने थोडं थोडं त्याच्या तोंडात घातलं, लहानपणी पेज भरवायची तसं, आणि प्रत्येक घोटाला म्हणत राहिली, "गिळ बाबा. हळू. गिळ."

तो प्यायला. तिच्या हातून प्यायला. काही वेळाने त्याच्या हातांचं आपटणं कमी झालं. दारूने झालं की थकव्याने, कोण सांगणार?

गड्याने आणि दिपिकाने त्याचे हात खांद्यावर घेतले, ठमाबाई पुढे दगड दाखवत चालली. जिथं वाट अरुंद होती तिथं त्याला गोधडीत घालून खाली सरकवलं. दिपिकाची चप्पल कुठे गेली तिला कळलंही नाही. मधेच आदेशने डोळे उघडून अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाय, सुधागड आला काय?" ती म्हणाली, "येतोय." निम्म्या वाटेत धनेश आणि गावातली चार पोरं वर येताना दिसली, तेव्हा तिने आदेशचा हात त्यांच्या खांद्यावर दिला. पायथ्याला एकशे आठची गाडी उभी होती, तीत घालून त्याला रोह्याला नेलं.

रोह्याच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. सलाईन लावून, सुया देऊन झाल्यावर तिने दिपिकाला बाहेर बोलावलं.

"दारू एकदम कोणी बंद केली?"

"मी."

"इतक्या वर्षांची सवय अशी एका झटक्यात तोडली की जीवावर बेततं. हे दवाखान्यात, औषधं चालू ठेवून करायचं असतं. मधे काही दिलं होतं का?"

"दारू पाजली. मीच पाजली."

डॉक्टरने मान वर केली. "फिट येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. श्वासात गेलं असतं तर?"

"पण त्या दारूने वाचला काय तो?" दिपिकाने विचारलं.

"अजून वाचला नाहीये," डॉक्टर म्हणाली, पण आवाज कडक नव्हता. "आज-उद्याचा दिवस जाऊ दे."

त्या प्रश्नाचं उत्तर दिपिकाला पुढेही कोणी दिलं नाही.

संध्याकाळी नमिता आली. धनेशने कळवलं असणार. ती दारातच उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. त्याचे हात पलंगाला कापडाने बांधलेले होते. मग ती दिपिकाच्या बाकावर येऊन बसली.

"वन्सं," नमिता म्हणाली, "मनस्वी पोटात होती तेव्हा त्यांनी एकदा सोडली होती. दोन दिवसांनी असंच झालं होतं. फिट आली होती. त्यांनी मला शपथ घातली, बायला सांगू नकोस म्हणून."

दिपिका तिच्याकडे वळली.

"निघाले त्या दिवशी मी सांगणार होते. अंगणात."

दिपिकाला आठवलं, नमिताने तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. आपण तिला बोलू कुठे दिलं? डोंगरावर निघण्यापूर्वी एक फोन केला असता तर? तिने पदर तोंडावर घेतला. नमिताने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही. रात्रपाळीची नर्स येईपर्यंत दोघी त्याच बाकावर होत्या.

आदेश जगला. त्याला पुढे अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. शुद्धीवर आल्यावर त्याला सुरगड अजिबात आठवत नव्हता, बहिणीचा सुजलेला ओठ बघून त्याने विचारलं, "बाय, पडलीस काय गो?" ती म्हणाली, "व्हय, पडले." नंतर कधीतरी धनेशकडून त्याला खरं कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्या समोर जेवायला बसला नाही.

तो बाहेर आला, डॉक्टरांच्या गोळ्या चालू झाल्या, शिमग्यापर्यंत टिकला. शिमग्याला प्यायला. या वेळी दिपिकाने आरडाओरडा केला नाही. रोह्याला फोन लावला आणि म्हणाली, "नमिता, प्यायला तो. काय करू?" नमिता दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आली आणि दोघींनी मिळून त्याला पुन्हा अलिबागला नेलं. वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघत तिघं उभी होती, आदेश मधे, दोघी दोन बाजूंना. लोक बघत होते. दिपिकाने बघू दिलं.

नमिता जित्याला परत नांदायला आलेली नाही. मनस्वी मात्र सुट्टीत येते. आदेश आता बहिणीबरोबर कारखान्यात जातो, मूर्तींना पॉलिशपेपर मारतो. दिपिका आखणी करता करता मधेच मान वळवून तो जागेवर आहे का बघते. तिला स्वतःला ते आवडत नाही, पण मान वळतेच.

या श्रावणात एके दुपारी मान वळवली तर जागा रिकामी. पॉलिशपेपर मूर्तीच्या पायाशी पडलेला. दिपिका ब्रश तसाच टाकून, हाताला काळा रंग लागलेला असताना, बाहेर धावली. नाक्यावर नव्हता. घरी नव्हता. शेवटी जिते स्टेशनच्या बाकावर सापडला. फलाटावर दुसरं कोणी नव्हतं. ती जवळ गेली, वाकली, आणि लाज न बाळगता त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"नाय प्यायलो," तो म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. "पाय तिकडं वळत होते बाय. म्हणून इथं येऊन बसलो. इथून हलायची भीती वाटतेय."

दिपिका त्याच्या शेजारी बसली. पाऊस उघडला होता, रुळांत पाणी साचलं होतं. रोह्याकडे जाणारी गाडी आली, थांबली, गेली.

"जेवलास?" तिने विचारलं.

"नाय."

"मी पण नाय," ती म्हणाली, आणि दोघं तशीच बसून राहिली.